अप्पांची सही

माझे वडील सोलापुरातल्या एका कॉलेजचे प्राचार्य होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. गावात त्यांना नावानं कुणी ओळखायचं नाही. स्टेशनवर उतरून टांगेवाल्याला 'प्रिन्सिपॉलसाहेबांकडं' म्हटलं की तो आणखी काही न विचारता आमच्या दारात आणून सोडायचा. लहानपणी मला वाटायचं, सोलापुरात प्रिन्सिपॉल एकच आहे.

अप्पा मूळचे करकंबचे. शेतकरी घर. त्यांच्या घरात मॅट्रिक झालेले ते पहिले, आणि गणित घेऊन एम.ए. झालेले तर अख्ख्या पंचक्रोशीत पहिले. अव्वा अक्कलकोटकडची. ती आमच्याशी मराठी बोलायची, देवाशी आणि भांड्यांशी कन्नड. अप्पांवर रागावली तरी कन्नडच.

कॉलेज सुरू झालं ते कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. वर पत्रे. सोलापूरचा एप्रिल आणि वर पत्रे म्हणजे काय हे तिथं बसलेल्यालाच कळेल. अप्पा ओला पंचा डोक्यावर घेऊन फळ्यासमोर उभे राहायचे आणि दर थोड्या वेळानं तो बादलीत बुडवून पुन्हा डोक्यावर टाकायचे. पोरं हसायची, मग तीही पंचे आणायला लागली. पुढं शहराबाहेर जागा मिळाली, इमारत उठायला लागली. संध्याकाळी अप्पा स्वतः नळी धरून नव्या भिंतींना पाणी मारायचे. गवंडी म्हणायचा, "साहेब, आमी मारतो की. तुमी जावा घरला." अप्पा जायचे नाहीत. मी आणि माझा धाकटा भाऊ वाळूच्या ढिगावर खेळत बसायचो आणि अप्पा भिंतीशी बोलल्यासारखे पुटपुटत असायचे.

दुष्काळ पडला तेव्हा मी शाळेत होते. कॉलेजचे वर्ग अर्धे रिकामे झाले. खेड्यातली मुलं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. अप्पांनी कुणाची तरी जीप मागून घेतली आणि एकेका कामावर जाऊन पोरं शोधायला सुरुवात केली. एका रविवारी मला बरोबर नेलं. रस्त्याच्या कडेला बाया-गडी ओळीनं खडी फोडत होते. त्यात अप्पांना त्यांचा एक विद्यार्थी सापडला. डोक्याला फडकं, हात पांढरे फटक. अप्पा त्याच्या बापाला म्हणाले, "ह्याला मी घेऊन जातो."

बाप म्हणाला, "पोरगं शिकून पानी पाडनार हाय व्हय, सर?"

"पाऊस पडायचा तेव्हा पडेल. ह्याची परीक्षा मार्चमध्ये आहे. जेवायचं मी बघतो."

आणि त्यांनी ते खरंच बघितलं. नवी पेठेतल्या दुकानादुकानांतून स्वतः फिरून ज्वारी, तूरडाळ, तेल मागितलं. कापडवाल्यांना म्हणाले, तुमच्याकडं धान्य नसेल तर शेजाऱ्याकडून घेऊन द्या. कॉलेजच्या मागच्या खोलीत खानावळ सुरू झाली. भाकरी आणि आमटी, दोन्ही वेळ. दुष्काळ सरेपर्यंत ती चालली. आजही कुठं लग्नाकार्यात पांढऱ्या केसांचा कुणी भेटतो आणि म्हणतो, "मी तुमच्या अप्पांच्या आमटीवर बी.ए. झालो."

हे सगळं मी आधी सांगते आहे, कारण पुढचं सांगितल्यावर हे कुणाला ऐकायचं नसतं.

अप्पांचं एक स्वप्न होतं. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ हवं. इथली पोरं गुणपत्रिकेतल्या एका चुकीसाठी रात्रभर प्रवास करून परगावच्या विद्यापीठात जातात आणि साहेब जागेवर नाहीत म्हणून तशीच परत येतात, याचा त्यांना संताप यायचा. सभांमधून ते बोलायचे, वर्तमानपत्रांत लिहायचे. हळूहळू लोक त्यांना 'भावी कुलगुरू' म्हणायला लागले. कुणी तसं म्हटलं की अप्पा हात झटकून "छे छे" म्हणायचे, आणि पुढचा अर्धा दिवस खुशीत असायचे. अव्वाच्या नजरेतून ते सुटायचं नाही. भाकरी थापता थापता ती मला म्हणायची, "ह्यांना ते गोड लागतंय बघ."

आता ज्यांच्यावरून पुढचं सगळं घडलं त्या सरांविषयी.

ते आम्हाला राज्यशास्त्र शिकवायचे. होटगीचे. वडील रेल्वेत गँगमन. मुलाखतीच्या वेळी समितीला दुसराच कुणी हवा होता, पुण्याचा, चांगला वर्ग मिळवलेला. अप्पा अडून बसले. म्हणाले, हा मुलगा रुळाच्या कडेला बसून अभ्यास करत एम.ए. झालाय, हा आमच्या पोरांना कळेल. सर रोज होटगीहून पॅसेंजरनं यायचे. गाडी लवकर पोचायची, म्हणून सकाळी आमच्याकडं चहाला. अव्वाशी ते कन्नड बोलायचे, आणि तिला माहेरचं माणूस आल्यासारखं व्हायचं. त्यांच्यासाठी ती कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून ठेवायची. अप्पा आणि ते राजकारणावर वाद घालायचे. आवाज इतके चढायचे की शेजारचे डोकावून जायचे. अप्पांशी तसं भांडायची मुभा दुसऱ्या कुणालाच नव्हती. स्टाफमधल्या काहींना ते खुपायचं.

रेल्वेचा संप झाला तेव्हा सरांच्या वडिलांनी संप केला आणि सरांनी स्टेशनबाहेर भाषण केलं. पोलिसांनी तेव्हाच नाव टिपलं असणार. पुढच्या वर्षी आणीबाणी आली. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, अप्पांच्याच कॉलेजात. पाऊस नुकता लागून उघडला होता. सरांचा तास चालू होता. ग्रामपंचायतीची रचना, सरपंचाचे अधिकार, असलं काहीतरी साधं. माझी जागा खिडकीशी. आवारात जीप येऊन थांबलेली मी पाहिली. एक फौजदार आणि साध्या कपड्यातले दोघं उतरून अप्पांच्या खोलीकडं गेले.

खोलीत काय झालं ते मला कॉलेजच्या शिपायानं नंतर सांगितलं. फौजदार म्हणाला, अटक करायची आहे, वर्ग दाखवा. अप्पा म्हणाले, "तास चालू आहे. घंटा होईपर्यंत माझ्या वर्गात कुणी जाणार नाही. बसा. चहा घ्या."

थोड्या वेळानं अप्पा आमच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. आमच्याकडं पाठ, हात मागं बांधलेले. सरांनी एकदा दाराकडं पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी आवाज बदलला नाही. टिपणं सांगत राहिले, आणि आम्ही लिहीत राहिलो. घंटा झाली तेव्हा त्यांनी फळा पुसला, हात झटकले आणि म्हणाले, "उरलेलं पुढच्या तासाला."

अप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जीपपर्यंत चालत नेलं. सगळं कॉलेज व्हरांड्यात उभं होतं. कुणी घोषणा दिली नाही, कुणी हललं नाही. जीप गेल्यावर अप्पा वळले आणि म्हणाले, "वर्गात चला." आम्ही गेलो. त्या दिवशी मला माझ्या बापाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा परत कधी वाटला नाही. परत वाटावा असं काही घडलंच नाही.

सरांना येरवड्याला नेलं. दिवाळीनंतर त्यांची बायको आमच्याकडं आली, बरोबर म्हातारी सासू. म्हातारी दारातच बसली, आत येईना. अव्वानं हाताला धरून आत आणलं. सरांच्या बायकोचा पदर डोक्यावरून सारखा निसटत होता, ती सारखा सावरत होती. आमच्याच वयाची वाटत होती.

"सर, लोक म्हनत्यात नोकरी जानार. खरं हाय का ओ?"

अप्पा म्हणाले, "कोण म्हणतं?"

"समदीच म्हनत्यात. सासऱ्यांची बी गेली, आता ह्यांची गेली तर आमी कुटं जावं?"

अप्पा खुर्चीवरून उठले. मला त्यांचं ते उठणं आठवतं, कारण ते बायकांशी बोलताना सहसा बसूनच बोलायचे. म्हणाले, "ताई, मी ह्या जागेवर आहे तोवर तुमच्या नवऱ्याची नोकरी जाणार नाही. हे मी सांगतोय. घरी जाऊन निवांत राहा."

म्हातारी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली आणि अप्पांच्या पायाला हात लावायला वाकली. अप्पा मागं सरले. अव्वानं दोघींना जेवायला वाढलं.

संस्थेचे अध्यक्ष नवी पेठेतले मोठे कापडाचे व्यापारी होते. वाईट माणूस असं मी म्हणणार नाही. अप्पांना प्राचार्य त्यांनीच केलं होतं, जिनिंगची शेड त्यांनीच मिळवून दिली होती. आमच्या घरी आले की माझ्यासाठी पेढे आणायचे. त्या हिवाळ्यात ते बऱ्याचदा यायला लागले. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता पडदा होता. चहा देऊन मी आत आले तरी सगळं ऐकू यायचं.

"साहेब, ते होटगीचं प्रकरण मिटवून टाका."

"मिटवायचं म्हणजे?"

"मास्तर इतके महिने विनापरवानगी गैरहजर आहेत. नियमात बसतंय."

"गैरहजर? तो तुरुंगात आहे."

"रजेचा अर्ज दिलाय का त्यांनी?"

मला वाटलं अध्यक्ष चेष्टा करतायत. पण कुणी हसलं नाही. 

मग अध्यक्ष म्हणाले, "वरून विचारणा झालीय. असल्या माणसाला ठेवलं तर अनुदानाचं बघावं लागेल म्हणतात. दीडदोनशे पोरं वसतिगृहात आहेत तुमची. एका माणसापायी ती उपाशी ठेवणार का? आणि दुसरं एक. आपलं स्वतःचं विद्यापीठ होईल तेव्हा होईल, आत्ताच्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदासाठी तीन नावं गेलीत, त्यात तुमचं आहे. मी स्वतः जाऊन बोलून आलोय. आता मध्येच माशी शिंकायला नको."

अप्पा म्हणाले, "त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही."

"नाहीच की. मी कुठं म्हटलं संबंध आहे?"

ते गेल्यावर अप्पा बैठकीत तसेच बसून राहिले. अव्वा पडदा सारून बाहेर गेली आणि म्हणाली, "तुम्ही त्या पोरीला शब्द दिलाय." अप्पा म्हणाले, "मला आठवण करून देऊ नको." एवढंच. पुढचे काही आठवडे त्यांनी टोलवाटोलवी केली. आज कागद पुण्याला शिक्षण खात्याकडं विचारायला पाठवला, उद्या वकिलाचा सल्ला मागितला. आम्हाला वाटायला लागलं की ते वेळ काढतायत, आणि आणीबाणी उठेपर्यंत असाच वेळ काढतील.

तो रविवार होता. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपून पाळणेवाले सामान आवरत होते, एवढं लक्षात आहे. अप्पांची लिंगपूजा आटपली होती, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे होते. हेडक्लार्क सायकलवरून आले. काखेत फाइल. माणूस भला होता, मान वर करत नव्हता. अप्पांनी फाइल उघडली, वाचली, आणि मला म्हणाले, "चष्मा आण." चष्मा त्यांच्या खिशातच होता. मी तसं सांगितलं.

"सोमवारी केली तर?" त्यांनी विचारलं.

"अध्यक्षांचा माणूस कॉलेजात येऊन बसलाय, सर. घेऊनच ये म्हणालेत."

अप्पांनी पेन काढलं आणि सही केली. त्यांची सही लांबलचक होती, शेवटी खाली एक रेघ ओढायचे. तीही ओढली. हेडक्लार्क पाणीसुद्धा न घेता गेले.

सरांना सेवेतून कमी केलं होतं. कारण, विनापरवानगी गैरहजेरी.

अप्पा मग जेवायला बसले. रोजच्यासारखं जेवले. भाकरी, वांग्याची भाजी, वर ताकभात. अव्वा वाढत होती. तिनं त्यांचं जेवण होईपर्यंत काही विचारलं नाही. त्यांनी हात धुतला तेव्हा म्हणाली, "याक माडिदरी?" का केलंत? अप्पांनी पंच्यानं हात पुसले आणि म्हणाले, "कॉलेजसाठी." ती आत निघून गेली. मला त्यांची सही सहन झाली असती कदाचित. त्यांचं ते पोटभर जेवणं सहन झालं नाही. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे, आणि मला वाटतं, त्यांना त्या वेळी दुसरं काय करावं तेच सुचत नसेल.

सोमवारी कॉलेजात सगळ्यांना कळलं होतं. माझ्या मैत्रिणींनी मला काही म्हटलं नाही. त्या बोलता बोलता गप्प व्हायच्या, एवढंच. स्टाफरूममध्ये अप्पा गेले की सगळे उभे राहायचे, पूर्वीसारखेच. पण पूर्वी त्यांच्यासमोर कुणी ना कुणी काहीतरी हट्टानं मांडायचं. आता ते जे म्हणतील त्याला सगळे "हो सर" म्हणायला लागले. अप्पांनी सुरू केलेले गिरणी कामगारांसाठीचे सकाळचे वर्ग, गावोगाव जाऊन मुलींना कॉलेजात आणणं, सगळं चालू होतं, पण जो तो नेमून दिलेलं तेवढं करायचा आणि घड्याळ बघायचा. अप्पांना ते कळत होतं. एकदा घरी येऊन म्हणाले, "आज मी मुद्दाम चुकीचं बोललो बैठकीत. साफ चुकीचं. सगळ्यांनी माना डोलावल्या." आणि विचित्र हसले.

सरांच्या घरी अव्वानं दोनतीनदा धान्याचं पोतं पाठवलं. पहिल्यांदा ठेवून घेतलं. नंतरची परत आली.

कुलगुरुपद अप्पांना मिळालं नाही. दुसऱ्याच कुणाला मिळालं, ज्याचं नाव आम्ही कधी ऐकलंही नव्हतं. बातमी आली तेव्हा घरी माणसांची रीघ लागली. सगळे सांत्वनाला आले होते. प्रत्येक जण म्हणत होता, अन्याय झाला, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत मला दिसत होतं की त्यांना बरं वाटतंय. सही करूनही मिळालं नाही, याचं बरं वाटतंय. मी त्यांना दोष देत नाही. मला स्वतःलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. मिळालं असतं तर मी कुलगुरूंच्या बंगल्यात कशी राहिले असते?

पुढं निवडणुका झाल्या, सरकार बदललं, सर सुटून आले. सोलापूर स्टेशनवर त्यांना घ्यायला इतकी गर्दी होती की गाडी उशिरा सुटली म्हणतात. आमच्याकडून कुणी गेलं नव्हतं. अव्वा जायचं म्हणत होती, पण तिला तोंड कसं दाखवावं कळेना.

संस्थेनं त्यांचा सत्कार ठरवला, कॉलेजच्याच सभागृहात. अध्यक्षांनी ठरवला. त्यांनी तोवर टोपी बदलली होती. व्यासपीठावर मध्ये सर, एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला अप्पा. सर वाळून गेले होते. कानशिलांवर पांढरं दिसत होतं. अध्यक्षांनी हार घातला, आणि बोलायला उभे राहिले. लोकशाहीवर बरंच बोलले. मग म्हणाले, "त्या काळात काही लोक घाबरले. काहींनी घाईनं निर्णय घेतले. संस्थेला अंधारात ठेवून घेतले. आज त्यांचा हिशेब मांडायची वेळ नाही."

सभागृहात कुजबुज झाली. मागून कुणीतरी ओरडलं. सगळ्यांची नजर अप्पांवर.

मी तिसऱ्या ओळीत बसले होते. मनात म्हणत होते, उठा. अप्पा, आता उठा. सांगा, कोण येत होतं आपल्या घरी ते. मी पडद्याआडून ऐकलंय, अव्वानं ऐकलंय. हेडक्लार्क समोर बसलेत. उठा.

अप्पा उठले नाहीत. समोरच्या टेबलावरच्या फुलदाणीकडं बघत बसले. सर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी अप्पांचं नाव घेतलं नाही, वाईटही बोलले नाहीत. दोन शब्दांत आभार मानले आणि बसले.

घरी चालत येताना मी विचारलं, "अप्पा, बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? सही माझीच होती."

"पण करायला लावली कुणी?"

ते रस्त्यात थांबले. एक रिक्षावाला आम्हाला चुकवून शिव्या देत गेला. "तुला काय वाटतं," ते म्हणाले, "मी कॉलेज वाचवायला सही केली का कुलगुरू व्हायला केली?"

मी त्यांना हाताला धरून रस्त्याच्या कडेला घेतलं.

"मी रोज विचारतो स्वतःला. त्या रविवारी माझ्या डोक्यात नेमकं काय होतं? वसतिगृहातली पोरं होती का? होती. दुसरं पण होतं. किती हे होतं आणि किती ते होतं, मला सांगता येत नाही. आयुष्यभर गणित शिकवलं, आणि हे सुटत नाही. मग मी तिथं उठून काय सांगू?"

काही दिवसांनी आम्ही दोघं होटगीला गेलो. अप्पांनी अध्यक्षांना न विचारता सरांना परत नेमायचं ठरवलं होतं. व्हायचं ते होऊ दे म्हणाले. पॅसेंजरमधून उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. सरांचं घर रुळांपलीकडं, दगडी, बुटकं. सरांनी आम्हाला पाहिलं आणि लगबगीनं खाट पुढं ओढली, तीवर चादर अंथरली. त्यांची बायको पाणी घेऊन आली. तिनं अप्पांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं बघून हसली मात्र.

अप्पा म्हणाले, "सोमवारपासून या. तुमचा तास, तुमचं टेबल, सगळं तसंच आहे. मी लेखी देतो."

सरांनी अप्पांपुढं पाण्याचा तांब्या सरकवला. मग म्हणाले, "तुम्ही इतक्या उन्हात आलात. बरं वाटलं, प्राचार्यसाहेब."

ते नेहमी 'सर' म्हणायचे. तो बदल अप्पांना लागला, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख पाहिलं.

"येणार ना?"

"नाही. विजापूरकडं एका हायस्कुलात बघितलंय. कन्नडमध्ये शिकवावं लागंल, पण जमंल."

"हायस्कूल? तुम्ही? अहो, रागावलेले असाल तर चार शिव्या द्या मला. हवं तर सगळ्यांसमोर द्या."

"राग नाही ओ," सर म्हणाले, आणि मला वाटतं ते खरंच सांगत होते. "आत असताना होता. लई होता. तुमच्याशीच भांडायचो मनात, तुमच्या घरी चहा पिताना भांडायचो तसा. मग एक दिवस संपला. आता मी आलो तर तुम्हाला रोज माझं तोंड बघावं लागंल, मला तुमचं. ते कशाला?"

अप्पा म्हणाले, "मी तुमच्या बायकोला शब्द दिला होता."

"तिनं सांगितलंय मला."

आतून म्हातारी खोकत होती. आम्ही उठलो. सरांनी स्टेशनपर्यंत सोबत केली, आमची गाडी येईपर्यंत थांबले, आणि माझ्या परीक्षेची चौकशी केली. गाडीत बसल्यावर अप्पा खिडकीकडं तोंड करून बसले. मी त्यांना रडताना त्या आधी पाहिलं नव्हतं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. समोरची बाई मला खुणेनं विचारत होती, कोण गेलं?

त्यानंतर सरांना काढल्याचा जाब विचारत मुलांनी कॉलेज बंद पाडलं. अप्पांच्या खोलीच्या काचा फुटल्या. दगड मारणाऱ्यांत वसतिगृहातली मुलंही होती, असं शिपायानं सांगितलं. अप्पांनी पोलिसांना बोलावू दिलं नाही. वर्ष संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. अध्यक्षांनी तो लगेच मंजूर केला, आणि निरोप समारंभ नको असं अप्पांनीच कळवलं. आम्ही सात रस्ता चौकाजवळ दोन खोल्यांत राहायला गेलो.

करकंबला जाऊन राहावं असं अव्वाच्या मनात होतं. अप्पा एकदाच जाऊन आले. पारावरच्या म्हाताऱ्यांना इथलं काही ठाऊक नव्हतं. ते विचारत होते, "मग, कुलगुरू कवा व्हनार?" अप्पा दुसऱ्याच दिवशी परत आले आणि पुन्हा करकंबचं नाव काढलं नाही.

मला शाळेत नोकरी लागली. अप्पा दिवसभर घरात असायचे. मी म्हटलं, मुलांच्या शिकवण्या घ्या. दोघं मुलं येऊ लागली, मग त्यांच्या पालकांना कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं, ती यायची थांबली. किंवा कुणी काहीच सांगितलं नसेल, त्यांना दुसरीकडं जवळ पडत असेल. अप्पांना मात्र पहिलंच खरं वाटायचं. त्यांनी फिरायला जाणं सोडलं, मग दाढी रोज करणं सोडलं. अव्वा त्यांच्याशी बोलायची, सगळं करायची, पण कन्नडमध्ये त्यांच्यावर ओरडायची नाही. मला तिचं ते शांत बोलणं ऐकवायचं नाही.

आजार यकृताचा निघाला. शेवटच्या उन्हाळ्यात सर भेटायला आले. विजापूरकडून बसनं आले होते, कपड्यांवर धूळ. अव्वानं दार उघडलं, आणि दोघं दारातच कन्नडमध्ये बोलत राहिले. तिकडं ऊन किती आहे, म्हातारी कशी आहे, किती दिवसांनी. मग ते आत येऊन अप्पांच्या खाटेशी बसले. अप्पा जागे होते. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सरांनी शाळेविषयी सांगितलं. अप्पांनी विचारलं, पोरं कशी आहेत. चांगली आहेत, म्हणाले. मी वाट बघत होते. आता कुणीतरी काहीतरी बोलेल, असं वाटत होतं. सर थोडा वेळ अप्पांचा हात हातात घेऊन बसले, मग घड्याळ बघून उठले. शेवटची बस चुकायला नको होती.

ते गेल्यावर अप्पांनी विचारलं, "गेला?"

"हो."

"काही म्हणाला का जाताना?"

काही म्हणाले नव्हते. अव्वाला नमस्कार करून गेले होते. मी खोटं बोलले असते तर चाललं असतं, पण त्या क्षणी मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, "नाही."

अप्पांनी मान हलवली आणि भिंतीकडं कूस वळवली. पावसाळा सुरू व्हायच्या आधीच ते गेले.